बीपीचे दोन आकडे आणि नागपूरचा उन्हाळा

हृदय रक्त ढकलते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा; दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल असतानाचा दाब म्हणजे खालचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत असेल तर तो उच्च रक्तदाब. घरी मोजताना ही मर्यादा १३५/८५ धरतात. ‘खालचा तर बरोबर आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. साठीनंतर बहुधा वरचाच वाढतो, आणि पक्षाघाताचा धोका त्यानेही वाढतो.

मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसा. अर्धा तास आधी चहा किंवा खर्रा नको. (खर्रा नंतरही नकोच.) एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. रक्तवाहिन्या सैलावतात, घामातून पाणी आणि मीठ जाते, बीपी उतरतो. मग अनेकजण ‘बीपी नॉर्मल झाला’ म्हणून परस्पर गोळी बंद करतात. थंडीत तो पुन्हा चढतो, बहुतेक वेळा काहीही न जाणवता. उन्हाळ्यात उठताना चक्कर येत असेल, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गरज असल्यास ते डोस कमी करतील.

छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काही झाले तर लगेच रुग्णालय गाठा. बीपी १८०/१२० च्या वर असेल तर अधिकच घाई करा, पण आकडा कमी दिसला म्हणूनही थांबू नका.