सार्वजनिक आरोग्य की लोकधोरण? : पदव्युत्तर शिक्षणातील द्वैताचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

आरोग्यव्यवस्थेत कार्य करू इच्छिणाऱ्या पदवीधरापुढे आज प्रामुख्याने दोन पर्याय असतात. एक सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा, तर दुसरा लोकधोरणाच्या अभ्यासक्रमाचा. पहिल्यात रोगपरिस्थितिविज्ञान आणि जीवसांख्यिकी यांना प्राधान्य असते, दुसऱ्यात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि खर्च-लाभ विश्लेषण यांना. ही विभागणी ज्ञानाच्या स्वरूपातून आपोआप निर्माण झालेली नाही. तिच्यामागे विशिष्ट ऐतिहासिक निर्णय आहेत. त्या निर्णयांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुण्याचा अनुभव

ज्ञान आणि प्रशासन यांच्यात फारकत झाल्यास काय घडते, हे महाराष्ट्राने १८९७ मध्ये अनुभवले. त्या वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःवर टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात मात्र प्लेग अधिकारी रँड यांच्या कारकिर्दीत सैनिकांकरवी घरझडत्या घेण्यात आल्या. लोकक्षोभ वाढला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रयोगशाळेत प्रगती होत असतानाच राज्यकारभाराने लोकांचा विश्वास गमावला होता.

१९१४–१६ : निर्णायक निवड

अमेरिकेत हाच प्रश्न शिक्षणाच्या संदर्भात उपस्थित झाला. रॉकफेलर निधीच्या साहाय्याने सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय स्थापण्याविषयी ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूयॉर्क येथे परिषद भरली. अंकुशकृमी निर्मूलन मोहिमेचे संचालक विक्लिफ रोझ यांना प्रत्यक्ष क्षेत्रात काम करणारे आरोग्याधिकारी घडवायचे होते, तर विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांचा भर वैज्ञानिक संशोधनावर होता. १९१५ चा अहवाल दोघांच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्याच्या अंतिम स्वरूपात वेल्च यांची भूमिका प्रभावी ठरली.

कोलंबिया विद्यापीठाच्या प्रस्तावात सामाजिक व राजकीय शास्त्रांना महत्त्वाचे स्थान होते. याच काळात, १९१३ ते १९१६ दरम्यान, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्राचे अध्ययन करीत होते. परंतु १९१६ मध्ये निवड झाली ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अशा प्रकारे प्रयोगशाळेच्या छायेत वाढले.

लोकधोरणाचा उदय

शासनव्यवहाराचे शिक्षण स्वतंत्रपणे विकसित झाले. सिरॅक्यूज येथे १९२४ मध्ये मॅक्सवेल विद्यालय, तर हार्वर्ड येथे १९३६ मध्ये लोकप्रशासनाचे पदव्युत्तर विद्यालय स्थापन झाले. १९६५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी मेडिकेअर व मेडिकेड योजनांमुळे आरोग्य हा संघराज्याच्या अंदाजपत्रकाचा मोठा विषय बनला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नियोजन, कार्यक्रम व अंदाजपत्रक यांची एकत्रित पद्धती सर्व खात्यांना लागू केली. धोरणविश्लेषकांची मागणी वाढली आणि १९६९ मध्ये बर्कली येथे लोकधोरणाचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले.

भारतीय परंपरा

रॉकफेलर साहाय्यातून १९३२ मध्ये कलकत्ता येथे अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली. हॉपकिन्स येथे शिकलेले जॉन ग्रँट पुढे तिचे संचालक झाले. ते भोर समितीचेही सदस्य होते. १९४६ च्या भोर अहवालाने ‘सामाजिक वैद्य’ ही संकल्पना पुरस्कारली. तरीही हे शिक्षण दीर्घकाळ वैद्यकीय पदवीधरांपुरतेच मर्यादित राहिले. तिरुवनंतपुरम येथील अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. बंगळूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेत २००२ मध्ये लोकधोरणाचा अभ्यासक्रम आला. दोन्ही प्रवाह येथेही वेगवेगळ्या संस्थांतून वाहू लागले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, दोन अभ्यासक्रमांतील सीमारेषा निधी, संस्था व काळाची गरज यांनी आखली आहे. म्हणून निवड करताना पदवीच्या नावापेक्षा अभ्यासक्रमात काय वगळले आहे, हे पाहणे अधिक उचित ठरते. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याने अंदाजपत्रक व सत्ताव्यवहार समजून घेतला पाहिजे. धोरणाच्या विद्यार्थ्याला साथीची आकडेवारी वाचता आली पाहिजे. लस उपलब्ध असूनही लोक दार उघडत नाहीत, तेव्हा यांपैकी एकच ज्ञान पुरेसे ठरत नाही, हा पुण्याच्या इतिहासाचा धडा आहे.