हवेचा भाव

साल 1897, वर्षाची सुरुवात. काळबादेवीच्या पश्चिमेला एका गल्लीत तुम्ही उभे आहात. दोन्ही हात पसरलेत तर दोन्हीकडच्या भिंती हाताला लागतील. चुन्याचा आणि फिनेलचा वास नाकात बसलाय. समोरच्या दारावर रंगाने तीन इंग्रजी अक्षरं फासली आहेत : यू. एच. एच., म्हणजे माणसांना राहण्यास अयोग्य. वर बघा. एक मजूर छपरावर उकिडवा बसून कौलं उचकटतोय आणि खाली फेकतोय. रोग्याच्या खोलीत ऊन-वारा जावा म्हणून सरकारी हुकूम आहे. घरातली म्हातारी डोक्यावर पदर घेऊन त्या नव्या भोकाकडे बघत बसलीय. पावसाळ्यात काय करायचं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला त्याला जेमतेम चार-पाच महिने झालेत, आणि जवळजवळ निम्मं शहर गावाकडे पळालंय. उरलेल्यांत वाद एकच : रोग येतो कुठून? घाणीतून, दाटीतून, कोंदट हवेतून, असं साहेबाचं मत. उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात हे पॉल-लुई सायमंड कराचीत दाखवणार आहे, पण ते पुढच्या वर्षी. तेही लगेच कोणी मानणार नाही. मुंबईचा पहिला मोठा पुनर्विकास असा अर्धवट निदानावर उभा राहिला, हे ध्यानात ठेवा आणि पुढे चला.

1910. गल्ली गेली. तिच्या जागी प्रिन्सेस स्ट्रीट, तुम्ही ज्याला आज शामळदास गांधी मार्ग म्हणता तो. 1898 साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्तीच्या मधोमध रुंद रस्ता कापून काढला, समुद्राचा वारा थेट आत यावा म्हणून. आणि वारा खरंच येतो; टोपी सांभाळा. पण पाडलेल्या घरांतली माणसं कुठे गेली, हे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारा. बरीचशी शेजारच्या गल्लीत शिरली, आधीच भरलेल्या खोल्यांत. ट्रस्टने चाळी बांधल्या, नाही असं नाही. परळच्या ट्रस्टच्याच एका, म्हणजे बीआयटी, चाळीत पुढे बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. पण पाडायचा वेग आणि बांधायचा वेग कधी जुळला नाही. तो आजही जुळलेला नाही.

आता उडी 1948 वर. गिरगावातली तीन मजली चाळ, लाकडी कठडा, मजल्याच्या टोकाला संडासांची रांग. पहिल्या तारखेला घरमालकाचा मेहता भाडं वसूल करत फिरतोय. एक बिऱ्हाडकरू त्याला हसून सांगतो, "वाढवायचं नाव काढू नका हां, कायदा आलाय." कायदा खराच आलाय : 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. भाड्याचं माप सप्टेंबर 1940 चं, तिथेच खिळलेलं. गिरणीकामगाराला, कारकुनाला या कायद्याने शहरात टिकवलं, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच दिवशी त्या कठड्याला रंग देणारा माणूस बेपत्ता झाला. मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला आणि व्यवहार पागडीच्या, म्हणजे पावतीविना रोख रकमेच्या, पुडक्यात शिरला.

साठच्या दशकावरून भरभर जाऊ. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल 'मार्ग' नियतकालिकात मांडतात की शहर उत्तरेला ओढत नेण्याऐवजी खाडीपलीकडे न्या. 1970 साली सिडको निघते, नवी मुंबई आकाराला येते. आणि सरकार? मंत्रालय इथेच ठेवतं, वर नरिमन पॉइंटला भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभारतं. जुन्या मुंबईवरचा भार हलवायची एवढी सोपी वेळ पुन्हा आली नाही. माझ्या मते ती वेळ दवडणं ही या शहराची सर्वांत महागडी चूक.

सत्तरच्या दशकात तुमच्या गिरगावच्या चाळीला टेकू लागलेत. सज्जाखाली लाकडी वासे, त्यांना दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि दुरुस्तीसाठी सेस, म्हणजे उपकर, सुरू झाला. सेस भरणाऱ्या इमारती तेव्हा 19,642. लोक मंडळाला नुसतं 'बोर्ड' म्हणतात. बोर्डाचा माणूस येतो, टेकू ठोकतो, जातो. काही इमारती रिकाम्या होतात, माणसं ट्रान्झिट कॅम्पला जातात. काहींची मुलं तिथेच वाढतात, तिथेच लग्नाला येतात.

1999. चाळीच्या चौकात गाद्या टाकल्यात, सभा भरलीय. बिल्डरचा माणूस कागद वाचतोय. नियम 33 (7) चा, 1991 च्या विकास नियमावलीतला, याच वर्षी सुधारलेला : अडीच एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या अडीचपट बांधकाम), किंवा जुन्या भाडेकरूंना लागणारं क्षेत्र अधिक त्याच्या 50 टक्के, यातलं जे जास्त ते. भाडेकरूला किमान 225 चौरस फूट, मालकीहक्काने, फुकट. सभेत टाळ्या. मागून एक काकू विचारतात, "आणि लिफ्टचं बिल कोण भरणार?" कोणी ऐकत नाही, सगळे कार्पेट एरियावरून भांडतायत. इथे नीट थांबा, कारण गोम इथेच आहे. सरकार पैसा घालत नाही, मालक घालत नाही, भाडेकरूकडे नाही. मग पैसा येतो तो वरच्या हवेतून : जादा मजले विकून. म्हणजे उंच टॉवर हा आवडीनिवडीचा प्रश्न उरतच नाही, तो हिशोबातच लिहिलेला असतो. आणि भाडेकरूंचा आकडा जितका मोठा तितका टॉवर उंच, मग रस्ता तेवढाच अरुंद का असेना. ज्या शहराने वाऱ्यासाठी घरं पाडली, तेच आता घरांसाठी इमारतींमधल्या मोकळ्या जागेत सवलत देतं.

आज. खाली मेट्रोचं गिरगाव स्थानक, वर पोडियम, त्यावर गाड्या, त्यावर माणसं. जुन्या बिऱ्हाडकरूंची इमारत एका बाजूला, विक्रीची दुसऱ्या बाजूला, दारं वेगळी. तुम्ही सोळाव्या मजल्यावरच्या घरात चहा घेताय. स्वतंत्र संडास आहे, नळाला पाणी आहे. त्या सुखाला नावं ठेवायचा अधिकार चाळीचे गोडवे गाणाऱ्या आम्हा लेखकांना अजिबात नाही. फक्त स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघा. समोरच्या टॉवरची खिडकी इतकी जवळ आहे की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या तुम्हाला मोजता येतात. आणि टेबलावर मेन्टेनन्सचं बिल पडलंय.

तुमच्या इमारतीची सभा लागेल तेव्हा कार्पेट एरियाचा आकडा विचाराच, तो हक्क आहे. पण सही करण्याआधी आणखी दोन गोष्टी लेखी मागा : दोन इमारतींमध्ये मोकळी जागा किती फूट, आणि कॉर्पस, म्हणजे देखभालीचा राखीव निधी, संपल्यावर लिफ्ट, पंप आणि अग्निशमन यंत्रणा चालवायला दरमहा किती रुपये.