ज्योत आहे का?

गॅसच्या बॉयलरमध्ये ठिणगी पाडणं तसं सोपं. ज्योत खरोखर पेटली का, हे यंत्राला कळवणं मात्र फार कठीण गेलं. न पेटलेला गॅस साठत राहिला तर स्फोट ठरलेलाच.

लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारा ‘गिझर’ काढला. असली जुनी यंत्रं काडी लावून पेटवत. थंड देशांत घरभर ऊब देणारे, आपोआप चालू-बंद होणारे बॉयलर आले, तेव्हा दर वेळी काडी कोण लावणार? म्हणून बर्नरशेजारी पायलट आला, नंदादीपासारखी अखंड तेवणारी छोटी ज्योत. पण तीच विझली तर?

याचं उत्तर बर्लिनमध्ये आधीच सापडलेलं होतं. १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांनी दोन वेगळे धातू जोडून एक सांधा तापवला आणि जवळची चुंबकसुई हलली. त्यांना तो चुंबकत्वाचा प्रकार वाटला. प्रत्यक्षात वीज वाहत होती. हाच सांधा थर्मोकपल या नावाने पुढे पायलटच्या ज्योतीत बसला. तो देतो जेमतेम २५-३० मिलिव्होल्ट. तेवढ्यावर चालणाऱ्या विद्युतचुंबकाला गॅसची झडप ओढता येत नाही, फक्त धरून ठेवता येते. ओढायचं काम आपल्या बोटाचं. म्हणून सांधा तापेपर्यंत बटण दाबून थांबावं लागतं. ज्योत विझली की सांधा निवतो, चुंबकाची पकड सुटते, गॅस बंद. बाहेरची वीज लागतच नाही. या साऱ्या इतिहासात इतकं देखणं काम मला दुसरं दिसत नाही.

काडीची गरज पिझो बटणाने संपवली. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं. तरी पायलट भर उन्हाळ्यातही गॅस जाळतच राही.

आजच्या बॉयलरमध्ये तो नसतो. पंखा आधी आतली हवा झटकतो, मग ठिणगी पडते, गॅस सुटतो. पहारा आता ज्योतच देते. तिच्यात विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून वीज वाहते. ज्योतीत बसवलेल्या सळईला उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह दिला, तरी ज्योतीतून तो मुख्यतः एकाच दिशेने जातो. हा एकतर्फी प्रवाह अवघा काही मायक्रोअँपिअरचा, पण सहज नक्कल न होणारा. ओल किंवा काजळीमुळे सळई बर्नरशी जोडली गेली, तर प्रवाह दोन्ही दिशांना वाहतो आणि यंत्र फसत नाही. काही सेकंदांत खूण पटली नाही तर गॅस बंद होतो.

आपल्याकडच्या दोन सेलवर चालणाऱ्या गॅस गिझरमध्येही ज्योत ओळखणारी अशी सळई असते. बंद न्हाणीघरात साचणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र तिला कळत नाही. त्यासाठी धूर बाहेर नेणारा पाइप आणि उघडा झरोका हवाच.