यादृच्छिकता आणि संभाव्यता : रुळांच्या तपासणीचे उदाहरण

छत्तीसगढमधील भिलाई पोलाद कारखान्यात भारतीय रेल्वेसाठी रूळ तयार होतात. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. रुळातील अंतर्गत तडा ध्वनिलहरींनी शोधता येतो. परंतु पोलाद किती ताण सोसते हे जाणण्यासाठी तुकडा कापून तोडावाच लागतो. सर्व रूळ तोडणे अशक्य असल्याने थोड्यांवरून सर्वांविषयी अनुमान काढावे लागते. त्या अनुमानाचा आधार म्हणजे यादृच्छिकता.

यादृच्छिकता म्हणजे काय?

ज्या घटनेचे एकेक फलित आधी सांगता येत नाही, मात्र अनेक आवृत्तींनंतर फलितांचे प्रमाण स्थिर होत जाते, ती घटना यादृच्छिक होय. हे प्रमाण ० ते १ या मर्यादेत व्यक्त करणारी संख्या म्हणजे संभाव्यता. प्रमाण स्थिरावण्याचा हा नियम जेकब बर्नुली यांनी सिद्ध केला. तो १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये संभाव्यतेची स्वयंसिद्ध तत्त्वांवर मांडणी केली.

नमुन्याची निवड

हाताशी येतील ते रूळ उचलणे ही यादृच्छिक निवड नव्हे. ढिगाच्या वरचे रूळ एकाच पाळीत बनलेले असू शकतात. प्रत्येक रुळास क्रमांक देऊन यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून निवड केली, तर प्रत्येकास समान संधी मिळते आणि चुकीची संभाव्यता मोजता येते.

समजा, मोठ्या साठ्यात २ टक्के रूळ सदोष आहेत. त्यांतून यादृच्छिकपणे ५० रूळ तपासले, तर एकही सदोष न सापडण्याची संभाव्यता सुमारे ०.३६ असते; १५० तपासल्यास ती सुमारे ०.०५ पर्यंत उतरते. निर्दोष नमुना म्हणजे निर्दोष साठा नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

योगायोग की बिघाड?

उत्पादनात थोडा चढउतार अटळ असतो. तो निव्वळ योगायोगाचा आहे की यंत्रातील बिघाडाचा, हे ओळखण्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख सुचवला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. मोजमापे ठरावीक मर्यादेबाहेर गेली किंवा सलग एकाच बाजूस झुकली, तर केवळ योगायोगाने असे घडण्याची संभाव्यता अत्यल्प असते. तेव्हा यंत्र तपासणे आवश्यक ठरते.