टेकडीवरून मोजलेला काळ

लंडनच्या दक्षिणेला टेकड्यांच्या दोन लांबट रांगा आहेत. एक नॉर्थ डाउन्स आणि दुसरी साउथ डाउन्स. 'डाउन' म्हणजे खाली, हे आपण शाळेत शिकतो. पण या नावातला 'डाउन' टेकडी या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला आहे. सह्याद्रीच्या कड्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना या टेकड्या अगदीच सौम्य वाटतील. नॉर्थ डाउन्सवरील प्रसिद्ध बॉक्स हिल समुद्रसपाटीपासून जेमतेम २२४ मीटर उंच आहे. मेंढ्यांनी चरून आखूड ठेवलेले गवत, मधूनच झाडी आणि पायाखाली पांढरी माती. १९१४ साली लिओपोल्ड सालोमन्स यांनी ही टेकडी विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली, आणि ती सर्वांसाठी राखली गेली. पुढे १९७२ मध्ये साउथ डाउन्सवरून सुमारे १६० किलोमीटरची आणि १९७८ मध्ये नॉर्थ डाउन्सवरून सुमारे २४६ किलोमीटरची पायवाट अधिकृतपणे खुली झाली.

बॉक्स हिलच्या माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिले, तर खाली शेते, कुंपणे आणि रानांनी भरलेला विस्तीर्ण सखल प्रदेश दिसतो. त्याचे नाव वील्ड. हवा स्वच्छ असली की पलीकडे क्षितिजावर साउथ डाउन्सची निळसर रेघ दिसते. फिरायला येणारे हा देखावा पाहून खूश होतात. विज्ञानाच्या इतिहासात मात्र याच देखाव्यावरून एक मोठा वाद झाला. पृथ्वीचे वय किती, हा तो वाद.

आधी या प्रदेशाची रचना समजून घेऊ. दोन्ही रांगा चॉक या मऊ, पांढऱ्या चुनखडकाच्या आहेत. आपण फळ्यावर लिहितो त्या खडूला इंग्रजीत याच खडकाचे नाव मिळाले आहे, जरी आता बहुतेक खडू जिप्समपासून बनत असले तरी. समुद्रात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचे तळाशी साचून हा खडक तयार झाला. हे साचणे सुमारे १० ते ७ कोटी वर्षांपूर्वी चालू होते. म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्हापेक्षाही हा खडक थोडा जुना.

नॉर्थ डाउन्सचे थर उत्तरेकडे कललेले आहेत, तर साउथ डाउन्सचे दक्षिणेकडे. दोन्ही रांगांचा उभा चढ वील्डच्या बाजूला आहे. मधल्या प्रदेशात चॉक नाहीच. तिथे त्याच्या खालचे, म्हणजे अधिक जुने वालुकाश्म आणि चिकणमातीचे थर उघडे पडले आहेत. यावरून भूशास्त्रज्ञांनी ओळखले, की हे थर पूर्वी कमानीसारखे वर उचलले गेले होते. कमानीचा माथा झिजून गेला आणि तिचे दोन पाय तेवढे टेकड्यांच्या रूपाने उरले.

हा माथा झिजायला किती काळ लागला असेल? हा प्रश्न चार्ल्स डार्विनने घेतला. १८४२ पासून तो नॉर्थ डाउन्सवरच्याच डाउन या गावी राहत होता. नैसर्गिक निवडीने नव्या जाती निर्माण होतात असे म्हणायचे, तर त्यासाठी अफाट काळ हवा. असा काळ खरोखर होऊन गेला आहे, हे वाचकाला पटवणे त्याला भाग होते. म्हणून १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्याने वाचकाला नॉर्थ डाउन्सवर उभे राहून दूरच्या साउथ डाउन्सकडे पाहायला सांगितले आणि एक हिशेब मांडला.

हा हिशेब आठवीच्या वर्गातही करून घेता येईल. समुद्र ५०० फूट उंचीचा कडा शंभर वर्षांत १ इंच मागे सारतो, असे डार्विनने धरले. वील्डची रुंदी २२ मैल, म्हणजे १३,९३,९२० इंच. दर इंचाला १०० वर्षे धरली, तर १३,९३,९२,००० वर्षे होतात. पण नाहीसा झालेला खडक सरासरी १,१०० फूट जाडीचा, म्हणजे ५०० फुटांच्या २.२ पट. गुणाकार केला की उत्तर येते ३०,६६,६२,४०० वर्षे. डार्विनने ते ढोबळमानाने ३० कोटी धरले.

पुस्तक बाहेर पडताच या आकड्यावर टीका झाली. शंभर वर्षांत १ इंच हा वेग कशावरून? १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत डार्विनने वेग दोन-तीन इंच धरणे अधिक सुरक्षित ठरेल असे म्हटले. त्यामुळे काळ १५ किंवा १० कोटी वर्षांवर आला. त्याच वर्षी जॉन फिलिप्स या भूशास्त्रज्ञाने गंगा नदी वाहून नेते त्या गाळाच्या मोजमापाचा आधार घेऊन, पृथ्वीवरचे सगळे थर साचायलाच सुमारे ९.६ कोटी वर्षे लागली असावीत, असे मांडले. एकट्या वील्डला ३० कोटी कशी मिळणार? १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीतून डार्विनने हा हिशेब काढूनच टाकला. पाठोपाठ १८६२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय १० कोटींच्या आसपास काढले. उत्क्रांतीला हवा असलेला काळ हातातून निसटतो की काय, अशी स्थिती आली.

चूक कोणाची होती? वील्डपुरते पाहिले, तर डार्विनची. चॉकचे थरच सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत साचत होते; मग त्यांची झीज ३० कोटी वर्षे चाललेली असूच शकत नाही. शिवाय वील्ड समुद्राने कोरले, ही त्या काळची समजूतही टिकली नाही. १८६५ मध्ये फॉस्टर आणि टॉपली यांनी दाखवले, की हे काम पाऊस आणि नद्यांचे आहे. फरक लक्षात घ्या. एकाच माणसाने एका बांधापासून शेत कापत जावे, तशी समुद्राची झीज. पाऊस आणि ओढे मात्र शेतभर मजूर पसरावेत तसे सगळीकडे एकाच वेळी काम करतात. साहजिकच काम लवकर उरकते.

आणि तरीही मूळ मुद्द्यावर डार्विनच खरा ठरला. १८९६ मध्ये किरणोत्साराचा शोध लागला. खडकांचे वय मोजण्याचे नवे साधन त्यातून मिळाले. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. केल्विन यांचे गणित बिनचूक होते, पण पृथ्वीच्या पोटाविषयी त्यांनी जे गृहीत धरले होते ते बरोबर नव्हते.

पाठ्यपुस्तकात आपल्याला शेवटचे उत्तर तेवढे मिळते. ३०,६६,६२,४०० सारखे आकडे गाळले जातात. आम्हाला वाटते, की ते वर्गात मुद्दाम आणावेत. नऊ अंकी उत्तर दिसले, की ते अचूकच असणार असे विद्यार्थ्यांना वाटते. पण ज्या १ इंचावर ते उभे आहे, तो केवळ अंदाज आहे. मुलांना तो वेग बदलून हिशेब पुन्हा करू द्यावा, आणि उत्तर किती बदलते ते पाहू द्यावे. मग गावाजवळच्या एखाद्या टेकडीवर त्यांना न्यावे. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी कोणत्या रंगाचे येते, पायथ्याशी किती गाळ साठतो, हे पाहावे आणि विचारावे: ही टेकडी झिजायला किती काळ लागेल? तो काढण्यासाठी आपल्याला काय काय मोजावे लागेल, आणि काय गृहीत धरावे लागेल?