जन्माआधीच बुडालेली युद्धनौका

१/
फेब्रुवारी १९६६. ब्रिटनचे नौदलमंत्री क्रिस्टोफर मेह्यू आणि नौदलप्रमुख ॲडमिरल सर डेव्हिड ल्यूस या दोघांनीही राजीनामे दिले. कारण ठरली एक विमानवाहू नौका, जिची बांधणी सुरूही झाली नव्हती. या नौकेची कथा थेट मुंबईच्या नौदल गोदीपर्यंत येऊन पोहोचते.

२/
नौकेचे सांकेतिक नाव सीव्हीए-०१. वजन पन्नास हजार टनांहून अधिक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधायला घेतलेल्या विमानवाहू नौका जुन्या होत चालल्या होत्या. त्यांची जागा तिने घ्यावी, ही नौदलाची योजना होती.

३/
परंतु ऑक्टोबर १९६४ मध्ये सत्तेवर आलेल्या हॅरॉल्ड विल्सन सरकारसमोर परदेशी व्यवहारांतील सुमारे ८० कोटी पौंडांची तूट उभी होती. वार्षिक संरक्षणखर्च २०० कोटी पौंडांच्या मर्यादेत आणायचे ठरले. आधी आकडा निश्चित झाला; त्यात कोणते नौदल बसते, हा प्रश्न नंतर आला.

४/
संरक्षणमंत्री डेनिस हीली यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. नवी नौका आली, तरी सुएझच्या पूर्वेस कायमस्वरूपी एकच विमानवाहू नौका ठेवणे शक्य होते. एवढ्यासाठी इतका खर्च का? त्याऐवजी अमेरिकेकडून ५० एफ-१११ विमाने घ्यावीत, असे ठरले. सीव्हीए-०१ रद्द झाली.

५/
नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले. जानेवारी १९६८ मध्ये एफ-१११ चा करारही रद्द झाला आणि सुएझच्या पूर्वेकडील बहुतांश तळ सोडण्याची घोषणा झाली. नौका गेली होतीच, आता तिच्या बदल्यात येणारी विमानेही गेली. सीव्हीए-०१ च्या रक्षणासाठी आखलेल्या टाइप ८२ विनाशिकांपैकी 'ब्रिस्टल' ही एकच तेवढी बांधली गेली.

६/
पुढे नौदलाने शब्दांचा आधार घेतला. सुमारे वीस हजार टनांच्या नव्या नौकांना 'विमानवाहू' न म्हणता 'थ्रू-डेक क्रूझर' म्हटले गेले, कारण मूळ शब्द राजकीयदृष्ट्या महाग पडला असता. त्यांतली पहिली, 'इन्व्हिन्सिबल', १९८० मध्ये सेवेत आली. १९८१ च्या कपातीनंतर तीही ऑस्ट्रेलियाला विकायचे ठरले. जुनी 'हर्मिस' निवृत्त होणार होती.

७/
२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली. तीनच दिवसांत जो ताफा पोर्ट्समथहून निघाला, त्यात विमानवाहू नौका याच दोन होत्या: एक विकायला काढलेली, दुसरी निवृत्तीच्या उंबरठ्यावरची.

८/
ताफ्यात एक उणीव होती. आकाशातून दूरवर पाहणारी रडारविमाने १९७८ अखेरीस 'आर्क रॉयल' या मोठ्या नौकेबरोबरच सेवेतून गेली होती. लहान नौकांवरून ती उडू शकत नव्हती. ४ मे रोजी, समुद्रालगत उडत आलेल्या विमानांनी सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र 'शेफिल्ड' विनाशिकेवर आदळले. २० जण मृत्युमुखी पडले. चौकशीत नौकेवरील दक्षतेतल्या चुकाही पुढे आल्या, पण वेळेवर इशारा देणारा आकाशातला डोळा नव्हता, हेही तितकेच खरे.

९/
युद्धानंतर 'इन्व्हिन्सिबल'ची विक्री रद्द झाली. 'हर्मिस' १९८६ मध्ये भारताने विकत घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती 'आयएनएस विराट' म्हणून नौदलात दाखल झाली. लंडनच्या हिशेबात जिची उपयुक्तता संपली होती, ती नौका भारताने जवळपास तीस वर्षे वापरली. ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत तिला निरोप देण्यात आला.

१०/
हीलींनी खर्च कमी केला हे चूक नव्हते. कर्जबाजारी देशाला मोठा आरमारी थाट परवडत नाही. चूक निराळी होती. नौका कमी झाल्या, तळ कमी झाले, पण दूरच्या बेटांच्या रक्षणाची जबाबदारी तशीच राहिली. जबाबदारी न घटवता केलेली बचत ही उधारी असते. ती कधी फेडावी लागेल, हे अर्थखाते ठरवत नाही. फॉकलंडमध्ये ती तारीख शत्रूने ठरवली.