सातारा-सांगलीकडील बैलगाडी-शर्यती : ऱ्हास, बंदी आणि पुरावा

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत जत्रेच्या दिवशीं बैलगाड्यांच्या शर्यती लावण्याचा प्रघात आहे, हें या भागांतील कोणासही सांगावयास नको. या शर्यतींवर २०११ सालीं सरकारी बंदी आली. २०२१ च्या डिसेंबरांत त्या सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनें पुन्हां सुरू झाल्या. मधला काळ बंदीचा व वादाचा गेला. त्याविषयीं जें लिहिलें-बोललें जातें त्याचा सामान्य आशय असा कीं, कायद्यानें हा खेळ मारिला व कायद्यानेंच तो जिवंत केला. प्रस्तुत लेखकास हें मत अपुरें वाटतें. ऱ्हास बंदीच्या पूर्वींच सुरू झाला होता आणि बंदी उठल्यानें तो थांबलेला नाहीं. तो कसा झाला याचा पुरावा गांवोगांवच्या दप्तरांत विखुरलेला आहे, व तो झपाट्यानें नष्ट होत आहे. म्हणून संग्राहक मंडळींपुढें हा विषय मांडीत आहें.

प्रथम प्रदेश व परिभाषा. आजचा सांगली जिल्हा १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' या नांवानें वेगळा झाला. १९६० सालीं त्यास हल्लींचें नांव मिळालें. त्यापूर्वींच्या कागदांत हा मुलूख कोठें सातारा जिल्ह्यांत, कोठें सांगली, मिरज व जत या संस्थानांत, तर कोठें औंध संस्थानच्या आटपाडी महालांत सांपडतो. शोधकानें हें ध्यानांत न ठेविल्यास एका गांवचा कागद तो भलत्याच दप्तरांत शोधीत बसेल.

शर्यतीची रीतही सर्वत्र एक नाहीं. पुणे जिल्ह्यांत घाटावर एकेक गाडा सोडून वेळ मोजतात व गाड्यापुढें घोडी धांवते. विदर्भांत या खेळास शंकरपट म्हणतात. आपल्याकडे माळावर शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या एकदम सुटतात, आणि गटांत पहिली आलेली गाडी पुढील फेरीस जाते. सांगली-कोल्हापूरच्या बाजूस ठराविक खुणेला वळसा घालून गाडी परत आणण्याची रीत आहे. तिला आरत-पारत हें नांव आहे. बैलांचे गट आदत, दुसा, चौसा असे दांतांवरून पाडतात. एका धन्याचा एक बैल व दुसऱ्याचा दुसरा अशी जोडी जमविली तर तिला पैरा म्हणतात. आतां हे शब्द पाहावे. पैरा हा शेतीच्या कामांतील परस्पर मदतीचा शब्द. आदत व दुसा हे बैलबाजारांतील शब्द. चाकोरी हा गाडीवाटेचा. खेळाची भाषा अशी सारी कामाच्या भाषेंतून आली आहे. या खेळानें आपला बैल नांगर, मोट व गाडी यांच्याकडून उसना घेतला होता. उसनें देणारेच नाहींसे झाले तेव्हां खेळाचा पाया ढांसळला. प्रस्तुत लेखाचें मुख्य प्रतिपाद्य हेंच होय.

शर्यतीचे समर्थक तिचें प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठीं वेदांकडे बोट दाखवितात. तेव्हां वेदांत काय आहे तें नीट पाहिलें पाहिजे. शर्यतीस 'आजि' व तिच्या अंतिम खुणेस 'काष्ठा' हे वैदिक शब्द प्रसिद्ध आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०२ वें सूक्त मुद्गलाचें आहे. त्यानें एका बाजूस बैल व दुसऱ्या बाजूस द्रुघण म्हणजे लांकडी ठोकळा जुंपला, मुद्गलानीनें सारथ्य केलें, आणि पुष्कळ गाई जिंकल्या, असा त्याचा मथितार्थ. यास्कानें निरुक्ताच्या नवव्या अध्यायांत हा इतिहास सांगितला आहे. सूक्ताच्या अर्थाविषयीं पंडितांत मतभेद असले तरी बैल जुंपून शर्यत जिंकल्याचा इतका जुना उल्लेख दुर्मिळ आहे. ऐतरेय ब्राह्मणाच्या चौथ्या पंचिकेंत देवांची शर्यत आहे. तींत अग्नि खेचरांच्या रथांतून, उषा तांबूस गोवंशाच्या रथांतून, इंद्र घोड्यांच्या रथांतून व अश्विनीकुमार गाढवांच्या रथांतून धांवले, आणि जिंकलीं तीं गाढवें! वैदिक प्रामाण्यावर बैलाचा मोठेपणा स्थापूं पाहणाऱ्यांनीं ही कथा विसरूं नये.

परदेशीय पुराव्यांत ईलियन या रोमन काळांतील ग्रंथकाराचा उल्लेख महत्त्वाचा आहे. हिंदुस्थानांतील राजे व सरदार वेगवान बैलांवर सोन्यारुप्याच्या पैजा लावीत, मधोमध घोडे व दोन्ही बाजूंस एकेक बैल जुंपीत, आणि धांव तीस स्टेडियम, म्हणजे सुमारें साडेपांच किलोमीटर, असे, असें तो प्राण्यांवरील ग्रंथाच्या पंधराव्या भागांत सांगतो. सांगली-कोल्हापूरकडे घोडा व बैल एकत्र जुंपून शर्यत लावितात हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ही माहिती वाचून नवल वाटेल. परंतु साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. मुद्गलाचा बैल व पुसेगांवच्या माळावरील बैल यांच्यामध्यें सुमारें तीन हजार वर्षांचें अंतर आहे, व तें केवळ श्रद्धेनें भरून काढतां येत नाहीं.

त्यापेक्षां जवळचा पुरावा आपल्या सणांत आहे. कर्नाटकांत व सीमेलगतच्या गांवीं ज्येष्ठी पौर्णिमेस बेंदूर होतो. त्या दिवशीं सायंकाळीं शृंगारलेले बैल पळवून कर तोडण्याचा विधि असतो. कन्नड मुलुखांत कोणत्या रंगाचा बैल पुढें आला यावरून कोणतें पीक चांगलें येईल याचा शकुन पाहतात. येथें धांव हा पेरणीच्या तोंडावर धरणीला विचारलेला प्रश्न आहे. पैज, बक्षीस वा अधिकृत नोंद यांची त्यास गरज नसते. जत्रेंतील शर्यतीचें मूळ अशा विधींत असावें असें माझें अनुमान आहे. अनुमानापेक्षां अधिक वजन त्यास मी देत नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. या भागाचा बैल म्हणजे खिलार. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. त्या शब्दावरून जातीचें नांव पडलें, व ती वाढविणाऱ्या पशुपालकांस थिल्लारी म्हणत. माणदेश ही तिची मुख्य भूमि. आटपाडी महालांतील व म्हसवडकडील खिलार हे तिचे नामांकित प्रकार. उंच, हलक्या हाडाचा, चपळ व तापट असा हा बैल दुष्काळी माळावर थोड्या चाऱ्यांत वाढे. खरसुंडी, म्हसवड, पुसेगांव, औंध येथील यात्रांत विकला जाई. आणि काळ्या रानांत राबून पुन्हां यात्रेस येई. शर्यत हा त्या बाजाराचा एक भाग होता. धांवणाऱ्या बैलाची पारख तेथें हजारोंच्या समक्ष होई, आणि त्याच्या खोंडांस किंमत येई.

याच प्रदेशांत दुसरीही एक जात होती. कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांच्या खोऱ्यांतील चिकण काळ्या जमिनीसाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दक्षिण मराठा मुलखांतील संस्थानिकांनीं, विशेषतः सांगलीच्या दरबारानें, भारी ओढकामाची कृष्णाकाठची जात सिद्ध केली. ती संथ व बलाढ्य होती, शर्यतीची नव्हे. आज तिचीं शुद्ध जनावरें अत्यंत विरळ उरलीं आहेत. दोन्ही जातींवर संकट एकच आलें; पण एकीस शर्यतीचा आधार होता व दुसरीस नव्हता. खिलार अधिक टिकला याचें हें एकमेव कारण नसेल. तथापि तें एक कारण आहे असें मानण्यास जागा आहे.

तें संकट हळूहळू आलें. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगर घरोघर गेला, तेव्हां बैलाचें महत्त्व वाढलें, कारण तो नांगर ओढण्यास अधिक जोर लागे. पुढें विहिरींवर इंजिनें व विजेचे पंप बसले आणि मोट थांबली. मग ट्रॅक्टर आला आणि नांगर सुटला. मालमोटार आली आणि बाजारची गाडी सुटली. साखर-कारखान्यांच्या ऊंस-वाहतुकीनें कांहीं काळ बैलास काम दिलें, तेंही ट्रॅक्टरकडे जात आहे. दुधासाठीं संकरित गाय आली. तिच्या गोऱ्ह्यास नांगर नाहीं व माळही नाहीं. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांमध्यें भारतांतील गोवंशाच्या नरांची संख्या सुमारें ३० टक्क्यांनीं घटली व माद्यांची सुमारें १८ टक्क्यांनीं वाढली. ही घट देशभरची आहे. ज्या प्रांतांत शर्यती कधींच नव्हत्या तेथील नरही या आंकड्यांत आहेत. तेव्हां बैलाच्या ऱ्हासाचें खापर एकट्या बंदीवर फोडतां येत नाहीं.

तरीही बंदीचा क्रम नोंदवून ठेवणें अवश्य आहे. ११ जुलै २०११ रोजीं केंद्र सरकारनें ज्या प्राण्यांस खेळासाठीं शिकविण्यास व दाखविण्यास मनाई होती त्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला; अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह हे त्याचे सोबती. २४ ऑगस्ट २०११ रोजीं महाराष्ट्र शासनानें बैलगाडी-शर्यतींस मनाई केली व १२ मार्च २०१२ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती उचलून धरली. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जल्लीकट्टू व या शर्यती या दोहोंस क्रूरता ठरविलें. शेंपटी पिळणें, टोचणें, मारणें हे प्रकार तेथें पुढें आले, आणि ते खोटे होते असें या खेळाच्या कोणाही प्रामाणिक मित्रास म्हणतां येणार नाहीं. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानें शर्यतींस परवानगी देण्यास मनाई केली. २० ऑगस्ट २०२१ रोजीं आटपाडी तालुक्यांतील झरे येथें बंदी मोडून शर्यत झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नियमांच्या अधीन राहून परवानगी दिली, व १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें तमिळनाडु, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या अखेरच्या निकालांतील एक मुद्दा इतिहासाभ्यासकांनीं विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. जल्लीकट्टू हा तमिळ संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास सविस्तर धार्मिक, सांस्कृतिक व सामाजिक विवेचन लागेल, आणि तें न्यायालयाचें काम नव्हे, असें घटनापीठानें म्हटलें व विधिमंडळाचें मत मान्य केलें. म्हणजे परंपरेचा प्रश्न पुराव्यानिशीं सुटलेला नाहीं; तो मतानें सुटला आहे. न्यायालय जें काम आपलें नव्हे म्हणतें तें कोणाचें? माझ्या मतें तें आपलें आहे.

आतां शर्यती पुन्हां भरतात. २०२३ सालीं खानापूर तालुक्यांतील भाळवणी येथें पहिलें बक्षीस मोटारगाडी होतें. शर्यतीच्या बैलास दूध व अंडीं चारितात, त्याची किंमत लाखांनीं मोजतात, आणि नांगराचें जूं त्याच्या मानेस लागत नाहीं. हें पुनरुज्जीवन खोटें नव्हे, पण तें जुन्या खेळाचेंही नव्हे. इंग्लंडांत मातीच्या वर्तुळावरील मोटारसायकलींच्या शर्यती १९२८ सालीं हाय बीच येथें सुरू झाल्यावर अफाट लोकप्रिय झाल्या व पुढें ओसरल्या. तेथें मैदान गेलें तरी नवें आंखतां येतें व यंत्र पुन्हां घडवितां येतें. जातिवंत खोंड कारखान्यांत घडत नाहीं. ज्या शेतकऱ्याकडे एकच जोडी होती, ती आठवडाभर कुळवास व जत्रेच्या दिवशीं माळावर, तो या खेळाचा मूळ खेळाडू. तोच आज कुंपणाबाहेर प्रेक्षक म्हणून उभा आहे.

त्या शेतकऱ्याचा इतिहास ग्रंथांत मिळणार नाहीं. तो यात्रेच्या पंचांच्या कीर्द-खतावणींत, बैलबाजाराच्या पावत्यांत, संस्थानी पशुप्रदर्शनांच्या कागदांत, देवस्थानच्या हिशेबांत, शर्यतीच्या हस्तपत्रकांत, आणि भिंतीवर टांगलेल्या जोडीच्या छायाचित्रांत आहे. शर्यत कोणत्या सालापासून, बक्षीस काय, उतरलेल्या गाड्या किती, बैल कोणत्या गांवचे, मार्केट-फी किती जमली, या पांच गोष्टी वीस गांवांच्या मिळाल्या तरी ऱ्हास केव्हां व कोठें सुरू झाला हें अनुमान न राहतां सिद्ध होईल. कदाचित् माझें प्रतिपाद्य चुकीचें ठरेल. तेंही मला चालेल.

माण तालुक्यांतील एका गांवीं यात्रेच्या पंचांची जुनी कीर्द आहे असें कळल्यावरून मी गतवर्षीं तेथें गेलों. घरधन्यानें अगत्यानें चहा दिला व सांगितलें, 'गुरुजी, माळा साफ करतांना तीं बाडें होळींत गेलीं. मोडी कुणाला वाचतां येतंय आतां?' त्याचा दोष नाहीं. शिवकालीन सनदेस आपण रेशमी रुमाल शोधतों आणि बैलबाजाराच्या पावतीस रद्दी म्हणतों. हें त्यानें आपल्यापासूनच शिकलें. ज्या सभासदांच्या संग्रहीं वा परिचितांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं त्यांची नक्कल अगर निदान यादी मंडळाकडे धाडावी, अशी विनंति आहे. पुढची होळी फार दूर नाहीं.